माय व्हिडिओ कॉलवरही फोन कानालाच लावते

दारव्हा तालुक्यातल्या एका गावचा, सध्या पुण्यात नोकरीला असलेला मुलगा विचारतो: "रोज रात्री साडेनऊला घरी व्हिडिओ कॉल लावतो. वीस मिनिटांतली दहा 'दिसून राहिलं काय, दिसून राहिलं काय' यातच जातात. माय फोन कानाला लावते, मला तिचा कान नाहीतर छताचे टिन दिसतात. बाबा दोन शब्द बोलून फोन परत देतात. साधा फोन केला तर बायको म्हणते, पाहिल्याशिवाय ते बरे आहेत की नाही हे कळणार कसं? मग व्हिडिओ करावा की साधा फोन? चांगला महागाचा फोन घेऊन दिला तर हे सुटेल काय?"

हा प्रश्न माझ्या मोबाइलच्या दुकानात आठवड्यातून दोनदा तरी येतो, फक्त दुसऱ्या टोकाकडून. पुण्याचा मुलगा येत नाही, त्याची माय येते. पिशवीतून रुमालात गुंडाळलेला फोन काढते आणि म्हणते, "भाऊ, पोराचं तोंड मले दिसते, पण मी त्याले दिसून नाही राहिली म्हणे. पाहून द्या बरं." १९९७ साली मी आर्णीला एसटीडी-पीसीओचा, म्हणजे पैसे देऊन बाहेरगावी फोन लावायच्या बूथचा, पिवळा बोर्ड लावला होता. काचेच्या दाराची केबिन, आत एक स्टूल, बाहेर माझ्यासमोर लाल आकड्यांचं मीटर. पुढे एक रुपयाचा कॉइन बॉक्स आला, मग मोबाइल, २००३ पासून मोबाइलवर येणारा फोन फुकट झाला, आणि २०१६ च्या सप्टेंबरात ४जीचं ते फुकट सिम आलं तेव्हा दुकानासमोर संत्र्याच्या गाडीला लागावी तशी रांग लागली. त्याच वर्षी दिवाळीनंतर व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल सुरू झाला. तेव्हापासून मी लोकांना बोलताना आणि दिसताना, दोन्ही पाहत आलो आहे.

आधी थेट उत्तर. महागाचा फोन घेऊ नका. रोजच्या बोलण्याला साधा कॉल करा, तोही व्हॉट्सअ‍ॅपवरून नाही, नुसता नंबर लावून. काही दाखवायचं किंवा पाहायचं असेल तेव्हा व्हिडिओ करा. आणि दाखवायच्या निम्म्या गोष्टी व्हिडिओ कॉलपेक्षा फोटोत किंवा आधी काढून पाठवलेल्या व्हिडिओत जास्त चांगल्या दिसतात, हे लक्षात असू द्या. आता याची कारणं सांगतो, कारण ती कळल्याशिवाय बायकोला पटवता येणार नाही.

तुमच्या लक्षात आलं असेल की गावाकडचं चित्र तुमच्याकडे अडकत येतं, पण तुमचं चित्र मायला बऱ्यापैकी दिसतं. लोक म्हणतात, "गावात नेट नाही." नेट असतं. टॉवर आणि फोन यांचा आवाज सारखा नसतो, तिथे गोम आहे. टॉवर कित्येक वॅटने ओरडतो आणि आपला फोन जास्तीत जास्त ०.२ वॅटने उत्तर देतो. वावराच्या त्या बांधावरून मोठ्या गळ्याचा सालदार हाक मारतो ती इकडे ऐकू येते, पण इकडून लहान पोराने दिलेली ओ त्याला पोचत नाही, तसा हा प्रकार. आणि हा ०.२ वॅटचा आकडा दहा हजारांच्या फोनला आहे तोच लाखाच्या फोनला आहे. ४जीच्या मानकातच ती मर्यादा ठरवून दिलेली आहे. म्हणून म्हटलं, महागाच्या फोनने चित्र सुंदर निघेल, पण ते गावाबाहेर पडायचं तर त्याच दारातून पडणार.

आता त्या दारातून काय न्यायचं ते पाहा. फोनवरचा आवाज सेकंदाला १२ ते २४ किलोबिटमध्ये भागतो. चेहरा धड दिसावा एवढं चित्र पाठवायचं तर तीन-चारशे किलोबिट तरी लागतात. वीस-तीस पट ओझं झालं. गावापासून टॉवर तीन-चार किलोमीटरवर, मध्ये टेकडी किंवा निंबाची दाट झाडं, घर मातीच्या दीड हात जाड भिंतींचं आणि वर टिन. टिन म्हणजे लोखंडी पत्रा, त्यातून लहर आत शिरत नाही, दारं-खिडक्यांतून जेवढी येईल तेवढीच. अशा घरात आतल्या खोलीत बसून व्हिडिओ कॉल करणं म्हणजे कणगीत बसून हाक मारणं.

साधा कॉल आणि व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल यांतला फरक बहुतेकांना माहीत नसतो, तो इथे सांगून ठेवतो. ४जीवर नंबर लावून कॉल केला की नेटवर्क त्या आवाजासाठी वेगळी जागा राखून ठेवतं. एसटीत राखीव सीट असते तशी. बाकी कितीही गर्दी झाली तरी त्या सीटवर दुसरं कोणी बसत नाही. व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल, मग तो आवाजाचा असो की व्हिडिओचा, उभ्याने जाणाऱ्यांत असतो. आणि रात्री आठ ते दहा या वेळात गावातली सगळी पोट्टी पारावर बसून रील पाहत असतात, टॉवर एकच. तुमची साडेनऊची वेळ म्हणजे बाजाराच्या दिवशीची शेवटची गाडी आहे.

लोक व्हॉट्सअ‍ॅपचाच कॉल का लावतात? फुकट आहे म्हणून. साध्या कॉलला पैसे लागतात हा समज माझ्या १९९७ च्या मीटरने डोक्यात बसवलेला आहे, तो अजून निघाला नाही. ज्या पॅकवर तुम्ही नेट चालवता त्याच पॅकमध्ये कॉल अमर्याद असतात. फक्त मायच्या फोनमध्ये सेटिंगला जाऊन व्होल्टी, म्हणजे ४जीवरूनच साधा कॉल नेणारी सोय, चालू आहे का ते पाहा. ते बंद असलं तर काही कंपन्यांच्या सिमवर फोन जुन्या २जीवर उतरतो आणि आवाज डबक्यातून आल्यासारखा येतो. हा फरक कानाला कळतो. जुन्या टेलिफोनवर आवाजाचा ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा जायचा, त्यात 'स' आणि 'फ' यांचा घोळ व्हायचा. मी केबिनबाहेर बसून ऐकायचो, "सातशे नाही बावा, सात, सा-त." व्होल्टीच्या कॉलवर ५० ते ७००० हर्ट्‌झपर्यंतचा आवाज जातो. वय झालं की माणसाला आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात, म्हणून जे थोडं ऐकू येतं ते तरी वाटेत कापलं जाऊ नये. तुमच्या बाबांना "ऐकू येत नाही" असं तुम्ही म्हणत असाल तर आधी कोणता कॉल लावता ते तपासा.

उशिराचंही एक आहे. आवाज इकडून तिकडे पोचायला दीडशे मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला की बोलण्याची लय बिघडायला लागते, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने नोंदवून ठेवलेलं आहे. कमजोर रेंजवरच्या व्हिडिओ कॉलमध्ये हा वेळ सहज त्याच्या पुढे जातो. मग काय होतं, तुम्ही विचारता, "जेवली काय?" ती अजून ऐकतेच आहे, तुम्हाला वाटतं ऐकू गेलं नाही, तुम्ही पुन्हा विचारता, तेवढ्यात तिचं पहिलं उत्तर येतं, दोघं एकदम बोलता, दोघं एकदम थांबता. "बोल बोल." "नाही, तू बोल." चार दिवसांनी तिला वाटायला लागतं की पोरगा घाईत असतो, माझं पूर्ण ऐकूनच घेत नाही. अशी एक माय माझ्या दुकानात रडली आहे. पोरगा चांगला होता, उशीर नेटचा होता.

दुकानदार म्हणून बारीकसारीक सांगतो, याने अर्ध्या तक्रारी मिटतात. "व्हिडिओ धुरकट दिसतो" म्हणून आलेल्या दहा फोनपैकी सहा-सात मी बनियनच्या टोकाने पुसून परत देतो. समोरच्या कॅमेऱ्यावर तेलाचं, हळदीचं बोट असतं. आवाज जात नसेल तर खालचं माइकचं भोक पाहा. पऱ्हाटी वेचून आलेल्या माणसाच्या फोनमध्ये त्या भोकात माती आणि कापसाचा बारीक तंतू बसलेला असतो. मऊ ब्रशने काढा, सुई घालू नका, सुईने माइक जातो आणि मग मला पैसे द्यावे लागतात. साध्या कॉलमध्ये गालाने बटणं दाबली जात असतील तर वरची काच चुकीची बसवली आहे, तिने फोन कानाजवळ आला की पडदा बंद करणारा सेन्सर झाकला आहे. आणि मे महिन्यात दुपारी व्हिडिओ कॉल करू नका. बऱ्याच फोनच्या माहितीपत्रकात ३५ अंशांपर्यंतच वापरा असं लिहिलेलं असतं, आणि आपल्याकडे ४५ ला कोणी मान वर करून पाहत नाही. व्हिडिओत कॅमेरा, पडदा, नेट, सगळं एकदम चालतं. फोन तापतो, पडदा मंद होतो, बॅटरी फुगते. फुगलेल्या बॅटरीचे फोन माझ्याकडे सगळ्यात जास्त उन्हाळ्यातच येतात.

आता मुख्य गोष्ट, जी रेंजची नाही.

माय फोन कानाला का लावते? तिला वापरता येत नाही म्हणून नाही. व्हिडिओ कॉल लागला की आवाज स्पीकरवर जातो. तिचं आणि तुमचं बोलणं ओसरीवर बसलेल्या सगळ्यांचं होतं. शेजारची काकू, दुधाचे पैसे मागायला आलेला माणूस, बाबा, धाकटी सून. तिला तुमच्याशी एकटीने बोलायचं असतं. कानाला फोन लावून ती केबिनचं दार बंद करून घेते. मी ते दार दहा वर्षं पाहिलं आहे. माणसं आत गेली की भिंतीकडे तोंड करायची, पाठ आमच्याकडे. तेव्हा वाटायचं, मीटर दिसू नये म्हणून. नंतर कळलं, चेहरा दिसू नये म्हणून.

सासरी असलेल्या पोरींच्या बाबतीत हे जास्तच आहे. माहेरचा व्हिडिओ कॉल आला की सासू शेजारी येऊन बसते, "दाखव बरं विहीणबाईले," दोन मिनिटं हसणं होतं, पोरगी डोक्यावरचा पदर सारखा करते, माय म्हणते बरी दिसते पोरगी, फोन बंद. तीच पोरगी दुसऱ्या दिवशी ढोरांना पाणी पाजायला गेल्यावर साधा फोन लावते आणि मग खरं बोलणं होतं. माझ्याकडे एक माय येते, ती मला म्हणाली, "भाऊ, व्हिडिओत ती हासते. फोनवर ती 'हाव' म्हणते ना, त्या 'हाव'वरून मले समजते." 'हाव' म्हणजे आमच्याकडचं 'हो'. मी तिला सांगितलं की पोरीला व्हिडिओ कॉल लावूच नका, लावायचा असेल तर सणावाराला लावा. सुनेने माहेरी व्हिडिओवरच बोलावं असा आग्रह ज्या घरात आहे, त्या घराबद्दल मला जरा शंका येते, हेही सांगून टाकतो.

तुमच्या बायकोचं म्हणणं की पाहिल्याशिवाय कसं कळणार, ते चूक नाही, पण पाहिलं म्हणजे कळलं असंही नाही. आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्याच्या पायाला जखम झाली होती, साखरेचा आजार. नागपूरला असलेली मुलगी रोज व्हिडिओवर पाहायची. तिला काय दिसायचं? तोंड. तोंड चांगलं होतं, दाढी केलेली, टोपी घातलेली. पाय खाली, कॅमेऱ्याच्या बाहेर. पंधरा दिवसांनी ती आली तेव्हा वास दारातच आला. याच्या उलटही पाहिलं आहे. एका माणसाचा आवाज ठणठणीत, फोनवर नेहमीसारखा दम देणारा, आणि महिन्यानंतर पोराने व्हिडिओवर पाहिलं तर गळ्याची हाडं वर आलेली. तेव्हा त्याला दवाखान्यात नेला. व्हिडिओत समोरचा माणूस जेवढं दाखवतो तेवढंच दिसतं. आवाजात तो लपवत असतो ते पण येतं: दम लागणं, वाक्य मध्येच तुटणं, नेहमीच्या जागी न आलेलं हसू. वजन उतरलेलं मात्र आवाजात ऐकू येत नाही. म्हणून महिन्यातून दोनदा तरी व्हिडिओ करा आणि करताना सांगा, "बाबा, थोडं चालून दाखवा, पाय दाखवा." लाजतील, पण दाखवतील.

बाबा दोन शब्द बोलून फोन देतात, याला माझ्याकडे इलाज आहे. आपल्याकडचा बाप्या माणूस फोनवर "बाकी काय, बरं हाय, ठेवतो" यापलीकडे जात नाही, कारण विषयाशिवाय नुसतं बोलणं त्याला कधी जमलेलंच नाही. त्याला काही दाखवायला सांगा. सकाळी गोठ्यात असताना व्हिडिओ लावा, म्हणा, "गोऱ्हा किती मोठा झाला पाहू द्या." तो कॅमेरा उलटा करेल, तुम्हाला त्याचं तोंड दिसणार नाही, गोऱ्ह्याची पाठ, खाली वाकलेली शिंगं, चाऱ्याचं गव्हाण दिसेल आणि त्यामागून बाबांचा आवाज दहा मिनिटं न थांबता येईल. तुरीला फुलोरा कसा आहे, सोयाबीनला यंदा काय भाव पडला, कोणाच्या बोरचं पाणी गेलं. माझ्या मते बापाशी बोलायचा हाच एक मार्ग आहे. त्याच्या तोंडाकडे पाहू नका, तो जिकडे पाहतो तिकडे पाहा.

वावरातल्या कामाला मात्र व्हिडिओ कॉल लावून लोक वेळ घालवतात. बोंडात अळी आहे का हे दाखवायला भर उन्हात फोन हलवत उभे राहतात, तिकडच्या माणसाला हिरवं-हिरवं दिसतं. हिशेब करा: १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके, आणि रेंज कमी असताना व्हिडिओचं चित्र ६४० गुणिले ४८० वर आलं तर ३ लाख ७ हजार ठिपके, तेही हलणारे. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत असते, बाहेरून फुलाची पाकळी गुलाबासारखी चिकटलेली किंवा बोंडावर बारीक भोक एवढंच दिसतं. ते व्हिडिओत येत नाही. तीन फोटो काढा: अख्खं झाड, पानाची खालची बाजू, आणि बोंड फोडून आतलं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना एचडी निवडा, नाहीतर तो फोटो दाबून बारीक करतो. मग साधा फोन करून बोला. नुसतं विचारायचं असेल तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर २००४ पासून आवाजावरच चालतो, सकाळी सहा ते रात्री दहा, आणि मराठीत बोलतात.

बैल लंगडत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे चाल पाहावी लागते, फोटोत बैल उभाच दिसणार. पण तिथेही चालू कॉलपेक्षा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून पाठवणं बरं. तो रेंज नसली तरी काढता येतो, टेकडीवर गेलं की जातो, आणि डॉक्टर तो चार वेळा मागे-पुढे करून पाहतो. नातवाने पहिलं पाऊल टाकलं, तेही असंच. ते पाऊल कॉल लागेपर्यंत थांबत नाही.

मोटरच्या स्टार्टरचं काम व्हिडिओ कॉलवर खरंच चांगलं होतं. मिस्त्री तिकडून सांगतो, ती लाल वायर, तिच्या शेजारचा स्क्रू. पण एका हातात फोन आणि दुसरा हात स्टार्टरच्या डब्यात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि त्या माणसाला शिव्या घातल्या आहेत. मेन बंद करा, फोन दुसऱ्याच्या हातात द्या.

तब्येतीचं. साप चावला, छातीत दुखायला लागलं, तर पोराला व्हिडिओ लावून दाखवत बसू नका. १०८ ला साधा फोन, गाव, तालुका, रस्त्यावरची खूण सांगा, मग पोराला कळवा. साध्या दुखण्याला व्हिडिओचा उपयोग आहे. २५ मार्च २०२० ला केंद्राने दुरून वैद्यकीय सल्ला देण्याचे नियम काढले, त्यात व्हिडिओ, आवाज आणि लेखी संदेश तिन्ही चालतात, पण औषधांच्या याद्या केलेल्या आहेत. चिठ्ठीशिवाय मिळणारी औषधं कशावरही सांगता येतात. काही औषधं पहिल्याच भेटीत लिहायची तर डॉक्टरने रुग्ण व्हिडिओवर पाहिलेला असावा लागतो. गावाच्या उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी असतील तर त्यांच्याकडून ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर डॉक्टरशी जोडून घ्या. तिथे बीपी मोजणारा माणूस शेजारी असतो, घरच्या व्हिडिओ कॉलवर नसतो.

ज्यांच्यासाठी व्हिडिओ म्हणजेच फोन आहे, त्यांचा विचार तुमच्या प्रश्नात नाही, पण तो सोडून देववत नाही. आमच्या जवळच्या गावात एक मूकबधिर पोरगा आहे, टेलरिंग करतो. २०१६ च्या आधी त्याच्याकडे फोन नव्हता, ठेवून करणार काय? आता तो वर्गमित्राशी रोज हातांनी बोलतो. त्याच्यासाठी मी फोन उभा ठेवायला जुन्या सीडीच्या डब्याचा स्टँड करून दिला, कारण खुणा करायला दोन्ही हात मोकळे पाहिजेत आणि कंबरेपासून वरचं सगळं चित्रात आलं पाहिजे. चित्र अडकलं की आपला अर्धा शब्द जातो, त्याचं अख्खं वाक्य जातं. टॉवर बंद पडला की सगळ्यात आधी तो येऊन मला विचारतो.

आणि तांड्यावरची लेकरं. ऊसतोडीला आई-बाप जातात, लहान पोरगं आजीजवळ. संध्याकाळी व्हिडिओ लागतो, ते पोरगं "याडी, याडी" (आई, आई) करत पडद्याला हात लावतं, फोनच्या मागे जाऊन पाहतं, आणि कॉल बंद झाला की तासभर रडतं. एका आजीने स्वतःच युक्ती काढली. दिवसा उजेडी व्हिडिओ, लगेच नंतर खेळायला सोडायचं. रात्री झोपताना फक्त आवाज, फोन उशाजवळ. आवाजावर ते झोपी जातं. मी याला काही शास्त्र लावत नाही, पण तीन-चार घरांनी ती युक्ती उचलली.

फसवणुकीचं एका दमात सांगतो. अनोळखी नंबरचा व्हिडिओ कॉल उचलायचाच नाही, मायला एवढं एकच शिकवा. त्यात तुमचा चेहरा पकडून घाण चित्राशी जोडतात आणि पैसे मागतात. पोलिसाचा ड्रेस घालून "डिजिटल अटक" केली म्हणणारेही व्हिडिओवरच येतात, कारण ड्रेस दिसला की आपला माणूस घाबरतो. अशी कोणतीही अटक कायद्यात नाही. कॉल चालू असताना कोणी स्क्रीन शेअर करा म्हटलं की बंद करायचं. पैसे गेले तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

एक गोष्ट मी स्वतः केलेली आहे आणि तिच्याबद्दल माझं मत अजून पक्कं झालेलं नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमच्या ओळखीतले एक बुवा गेले. मुलगा मुंबईत अडकलेला. घरच्यांनी मला बोलावलं, "तुमच्या फोनले रेंज राहते, तुम्ही दाखवा त्याले." नदीकाठच्या स्मशानात मी फोन धरून उभा. रेंज एक काडी, कधी तीही नाही. अग्नी द्यायच्या वेळेला चित्र अडकलं, आवाज चालू राहिला. नंतर त्याने सांगितलं, त्याच्या पडद्यावर पंधरा मिनिटं कोणाच्या तरी चपला होत्या, मी फोन खाली वाकवला असेन तेव्हाच्या. पण मडकं फुटल्याचा आवाज त्याला आला. वर्षश्राद्धाला आला तेव्हा त्याने त्या चपला कोणाच्या होत्या ते विचारलं. कोणालाच आठवलं नाही. तेव्हापासून असा कॉल करायची वेळ आली की मी आधीच सांगतो, नुसता आवाज ठेवू का? बहुतेक हो म्हणतात.

तर तुमच्या घरापुरतं असं करा. रात्रीची साडेनऊची वेळ सोडा, ते लोक पहाटे उठतात, तेव्हा झोपेला आलेले असतात आणि टॉवरही भरलेला असतो. सकाळी साडेसहा-सातला नंबर लावून साधा फोन करा. माय चुलीजवळ असेल तर असू द्या, कानाला लावून बोलेल, मन मोकळं करेल. रविवारी व्हिडिओ करा, पण थेट नको. आधी साधा फोन करून सांगा की पाच मिनिटांनी व्हिडिओ लावतो, म्हणजे ती ओसरीवर येईल, पाठीमागे उघडं दार राहणार नाही अशी बसेल. पाठीमागे उजेड असला की तोंड काळं दिसतं. ओसरीच्या कोनाड्यात फोन टेकवून ठेवायला सांगा, तो बरोबर डोळ्यांच्या उंचीवर येतो, हात दुखत नाही. चित्र अडकायला लागलं तर "हॅलो हॅलो" न करता तिच्या बाजूचा कॅमेरा बंद करायला सांगा, तुमचा चालू राहू द्या. तिला तुम्ही दिसाल, तुम्हाला तिचा आवाज सरळ येईल. तिच्या फोनचं जे ओझं वाढलेलं असतं ते तेवढ्याने उतरतं.

आणि दिवाळीला गावी याल तेव्हा दोघांचे फोन घेऊन आर्णीला या, बसस्टँडजवळ कोणालाही पिवळा बोर्ड विचारा. बोर्ड कधीच काढला, पण लोक अजून तेच नाव सांगतात. व्होल्टी लावून देतो, माइकचं भोक साफ करून देतो, तुमचा नंबर पहिल्या पानावर फोटोसकट ठेवून देतो. पैसे लागणार नाहीत. फक्त नवा फोन घेऊन येऊ नका.